गोदावरीच्या खोऱ्यातील लुप्त वनवृषभ

आद्य तीर्थंकर भगवान ऋषभदेवांच्या मूर्तीपुढे हात जोडून उभ्या राहणाऱ्या श्रावकाची दृष्टी मुखकमलावरून हळूहळू खाली येते आणि पादपीठावर कोरलेल्या छोट्याशा वृषभावर थांबते. उंच वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, किंचित वळलेली शिंगे. या वृषभाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. शहागंजच्या बाजारपेठेत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांनी तर लाकडी चाकांच्या गाड्या आणि त्यांना जुंपलेले बैल रोज पाहिले होते. जुन्या मोंढ्याकडे धान्य, कापूस, सरकी घेऊन येणारी सगळी वाहतूक एके काळी याच प्राण्याच्या खांद्यावर होती. परंतु या बैलाचा एक रानटी भाऊबंद कधी काळी गोदावरीच्या काठाने मोकळा हिंडत होता आणि त्याची दगड झालेली हाडे शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या पैठण परिसरातील नदीपात्राच्या थरांत दडलेली आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानावर आलेली नसते.

या प्राण्याला शास्त्रज्ञ ‘बॉस नमाडिकस’ म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत असलेले आणि पुढे जीवाश्मांच्या अभ्यासासाठी विख्यात झालेले ह्यू फाल्कनर यांनी नर्मदेच्या गाळात सापडलेल्या अवशेषांवरून १८५९ साली हे नाव दिले. ‘नमाडिकस’ म्हणजे नर्मदेचा. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने आपल्या ग्रंथात नर्मदेला ‘नमाडोस’ म्हटले आहे. फाल्कनर यांनी तेच रूप उचलले. याच टॉलेमीने त्याच ग्रंथात पैठणचाही उल्लेख ‘बैठाना’ असा केला आहे आणि तेथे सिरी पुळुमावी या सातवाहन राजाची राजधानी असल्याचे नोंदवले आहे. एका परदेशी ग्रंथाने प्रतिष्ठाननगरीची कीर्ती जपली आणि त्याच ग्रंथातील एक नाव सतरा शतकांनी एका लुप्त प्राण्याला मिळाले. योगायोगच, पण मराठवाड्याच्या वाचकाला मौज वाटावी असा.

येथे एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. रानबैल म्हटले की महाराष्ट्रात सह्याद्रीतील गवा डोळ्यांपुढे येतो. राधानगरी, कोयनेच्या रानांत आजही वावरणारा गवा ही निराळी जात आहे. आपल्या गाई-बैलांचा तो चुलत वंश, पूर्वज नव्हे. नीलगाय तर नावापुरतीच गाय, ती कुरंगवर्गातील. येथे ज्याची कथा सांगायची आहे, तो वनवृषभ घरच्या बैलाच्या थेट वंशवृक्षातला होता. देह घरच्या जनावरापेक्षा मोठा, पाय लांब, आणि शिंगे दोन्ही बाजूंना फाकलेली, शरीराच्या मानाने फार मोठी. त्याला वशिंड होते की नाही, हे हाडांवरून ठरवता येत नाही; वशिंड मांसल असल्यामुळे मातीत ते उरत नाही.

पैठणच्या समोर, गोदावरीच्या दक्षिण तीरावर मुंगी हे गाव आहे. ‘मुंगी-पैठण’ असा जोड उच्चार जुन्या लोकांच्या तोंडी सहज येतो. १८६० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. वाईन या भागात हिंडत असता, लुप्त प्राण्यांची हाडे असलेल्या मुंगीजवळच्या नदीच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरात त्यांना अकीक दगडाचा माणसाने घडवलेला एक छिलका सापडला. त्याच दशकात, १८६३ साली, रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन हातकुऱ्हाड मिळाली आणि भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासाला आरंभ झाला. फूट यांचे नाव सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. मुंगीचा छिलका मात्र पाठ्यपुस्तकांच्या वाटेला गेला नाही. वस्तुतः त्याचे मोल वेगळ्या प्रकारचे आहे. माणसाच्या हातचे हत्यार आणि नामशेष झालेल्या जनावरांची हाडे एकाच थरात मिळाली, म्हणजे ते दोघे एकाच भूमीवर एकाच काळी नांदत होते, असा त्याचा अर्थ होता.

पुढे १९०५ साली गाय पिलग्रिम यांनी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथील गोदावरीच्या गाळातून मिळालेल्या प्रचंड प्राचीन हत्तीच्या अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्याला आपली कर्मभूमीच मानले. नेवासे येथील प्रवरेच्या थरांतून अश्मयुगीन हत्यारे आणि प्राण्यांचे जीवाश्म यांची त्यांनी केलेली नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. गोदाकाठच्या काळेगावी खुद्द वनवृषभाचे अवशेष अश्मयुगीन हत्यारांच्या सान्निध्यात मिळाले. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या खोऱ्यातही हत्ती, पाणघोडा आणि रानगुरे यांचे जीवाश्म आढळले आहेत. कन्नडचा घाट उतरून गेल्यावर चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे तर शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी मिळाले. आजच्या मराठवाड्याचे हे चित्र कल्पनेतही आणणे कठीण आहे. दूरवर पसरलेली गवताळ राने, नदीकाठी दाट झाडी, डोहांत पाणघोडे, आणि सकाळच्या उन्हात पाण्यावर उतरणारे रानबैलांचे कळप.

नेवाशाच्या उत्खननाच्या संदर्भात जैन वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे असे एक नाव आहे. १९५४ ते १९५६ या काळात सांकलियांच्या बरोबर तेथे काम करणारे डॉ. शांताराम भालचंद्र देव यांचा जैन मुनिसंघाच्या इतिहासावरील बृहद्ग्रंथ त्याच १९५६ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. आगम, चूर्णी, शिलालेख यांतून श्रमणांचा आचार शोधणारा हाच विद्वान गोदा-प्रवरेच्या मातीतून अश्मयुगीन माणसाचा आचार शोधत होता.

हा प्राणी नाहीसा कसा झाला? दक्षिणेत कर्नाटकातील बनहळ्ळी येथे मिळालेली हाडे सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीची आहेत. निश्चितपणे वनवृषभाचे म्हणता येतील असे भारतातील सर्वांत अलीकडचे अवशेष म्हणून त्यांचा निर्देश होतो. गोदावरीच्या खोऱ्यात साधारण त्याच सुमारास पहिल्या शेतकऱ्यांची गावे उभी राहू लागली होती. श्रीरामपूर तालुक्यातील प्रवराकाठचे दायमाबाद, संगमनेरजवळचे जोर्वे, नेवासे ही त्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींची नावे. या गावांत मिळणाऱ्या जनावरांच्या हाडांत पाळीव गाई-बैलांचा वाटा मोठा आहे. वशिंडाच्या गुरांच्या पाठीच्या मणक्यांवरील काटे टोकाशी दुभंगलेले असतात. या खुणेवरून संशोधक ती हाडे ओळखतात.

शिकार हे एक कारण असेलच. पण त्याहून मोठे कारण बहुधा पाळीव बैल हेच होते. जे गवत रानबैलाचे, तेच गावच्या गुरांचे झाले. जो पाणवठा रानबैलाचा, तेथेच गावकी आली. रानच्या वळूंचा संकर गावच्या गाईंशी होत राहिला आणि वेगळा म्हणून उरलेला कळप आकसत गेला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे दाखवून दिले की वशिंडाची भारतीय गुरे आणि युरोपातील बिनवशिंडाची गुरे यांचे वंश माणसाने त्यांना पाळण्याच्या कितीतरी आधीच वेगळे झाले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने भारतीय गुरांचा उगम दक्षिण आशियातील नवाश्मयुगातच असल्याचे सांगितले. म्हणजे लुप्त झालेला वनवृषभ सर्वस्वी लुप्त नाही. देवणी, लाल कंधारी, खिल्लार यांच्या रक्तात त्याचा अंश आहे. त्याचे रानपण तेवढे संपले.

युरोपातील त्याचा भाऊबंद ‘ऑरॉक्स’ याचे मरण मात्र तारीखवार ठाऊक आहे. पोलंडच्या याक्तोरूव्ह अरण्यात राजाने त्याच्या रक्षणासाठी रखवालदार नेमले होते. १५६४ च्या राजकीय पाहणीत तेथे ३८ जनावरे मोजली गेली. १५९९ साली २४, १६०२ साली अवघी चार, १६२० साली एक. १६२७ साली ती शेवटची गायही मेली. संरक्षण होते, नोंदवही होती, तरी गावच्या गुरांची चराई अरण्यात वाढत गेली आणि व्हायचे ते झाले. काळ्या समुद्राच्या वायव्येला असलेल्या मोल्दाव्हिया या जुन्या संस्थानाने तर या प्राण्याचे मस्तक आपल्या राजचिन्हावर घेतले. द्रागोश नावाचा सरदार रानबैलाचा पाठलाग करीत नदीपर्यंत आला, तेथे त्याची मोल्दा नावाची कुत्री बुडाली, आणि तिच्यावरून नदीला व नदीवरून देशाला नाव पडले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आजच्या मोल्दोव्हा देशाच्या बोधचिन्हावर शिंगांमध्ये तारा असलेले तेच मस्तक आहे. तेथे प्रदेशाचा जन्म शिकारीच्या कथेतून सांगितला जातो. गोदावरीच्या खोऱ्यातील प्रदेशाच्या कथेत बैल आहे तो जुंपलेला.

१९७४ साली दायमाबाद येथे एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना मिळालेल्या चार ब्राँझ वस्तू जगप्रसिद्ध आहेत. हत्ती, गेंडा, म्हैस आणि चौथी म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ, त्यात उभा असलेला सारथी. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, ते असोत. चारांपैकी तीन प्राणी एकेकटे आहेत; जोखडाखाली आलेला तेवढा बैलच.

त्या जोखडावरच प्रतिष्ठानचे वैभव उभे राहिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून मोठ्या प्रमाणावर अकीकवर्गीय दगड गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. भडोच ते पैठण हे अंतर वीस दिवसांचे आणि तेथून पूर्वेला तगर, म्हणजे आजचे तेर, दहा दिवसांचे सांगितले आहे. ज्या अकीकाचा छिलका मुंगीच्या वाळूत रानबैलाच्या काळातील माणसाने टाकला, त्याच जातीचा दगड सातवाहनांच्या काळी बैलांच्या गाड्यांनी समुद्रापर्यंत नेला. नाणेघाटातील राणी नागनिकेच्या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या हजारो गाईंची मोजदाद आहे. गोधन ही त्या राज्याची चालती तिजोरी होती.

जैन वाङ्मयात या गोधनाचे आणि गाड्यांचे चित्र स्पष्ट दिसते. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाकडे प्रत्येकी दहा हजार गाईंची चार गोकुळे आणि शेकडो गाड्या होत्या. हा श्रावक जनावरांपासून दूर राहणारा नव्हता, त्यांच्यावर ज्याची उपजीविका चालते असा होता. म्हणूनच अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते एकवार बैलाच्या बाजूने वाचून पाहावेत. आवळून बांधणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. ही पाचही दुःखे दावणीच्या आणि जोखडाच्या जनावराला रोज सोसावी लागतात. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांतही गाड्या बनवून विकण्याचा धंदा, भाड्याने वाहतूक करण्याचा धंदा आणि जनावरांचे खच्चीकरण करणारे निर्लांछन कर्म यांचा समावेश आहे. ‘बैल’ आणि ‘वळू’ यांतील भेद शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. रानच्या वृषभाचा गावचा बैल होताना जी क्रिया घडते, तिचे नाव शास्त्रकारांनी निषिद्ध धंद्यांच्या यादीत घातले आहे.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष ज्यांना गुरुस्थानी मानत असे, त्या आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात आदिपुराण रचले. वेरूळची जैन लेणी कोरली जात होती तो काळ हाच. कल्पवृक्ष नाहीसे झाल्यावर गोंधळलेल्या प्रजेला ऋषभदेवांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, असे या परंपरेचे सांगणे. रानातून मिळेल ते घेणारा माणूस शेती करू लागला, या दीर्घ स्थित्यंतराची स्मृती येथे धर्मकथेच्या रूपाने जपली गेली आहे, असे म्हणता येते. त्यापुढे जाऊन ऋषभदेवांचा वृषभ म्हणजेच गोदावरीचा वनवृषभ, असे मात्र म्हणू नये. स्मरणिकांतून आणि व्याख्यानांतून असे दावे उत्साहाच्या भरात केले जातात. रमाप्रसाद चंदा यांनी १९३२ साली सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील उभ्या आकृतींची कायोत्सर्ग मुद्रेशी तुलना केली, तेव्हापासून मुद्रांवरील बैलही आदिनाथांचाच, हे सिद्ध झाल्यासारखे लिहिले जाते. सिंधू लिपी अजून वाचली गेलेली नाही. शिवाय मथुरेच्या कुषाणकालीन मूर्तींच्या पादपीठांवर लांछने नाहीत. ऋषभनाथ तेथे खांद्यावर रुळणाऱ्या केसांवरून ओळखले जातात. लांछनांची प्रथा त्यानंतर, गुप्तकाळापासून हळूहळू रूढ झाली. धर्माची प्राचीनता अशा दाव्यावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. दावा कोसळला तर तोंडघशी पडायची वेळ समाजावर येते.

जे निःसंशय आहे ते पुरेसे मोठे आहे. ऋषभदेवांना दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नाही आणि हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने उसाच्या रसाने पारणे घडवले. अक्षय्य तृतीयेचा तो दिवस सर्व जैन समाज पाळतो. या दीर्घ उपवासाचे कारण सांगणारी एक कथा श्वेतांबर समाजात वर्षीतपाच्या प्रसंगी सांगितली जाते. मळणीच्या खळ्यावर बैल धान्यात तोंड घालतात, अशी तक्रार घेऊन शेतकरी आले असता त्यांनी बैलांना मुसकी बांधण्यास सांगितले होते. बैल काही घटका उपाशी राहिले. त्या अंतरायाचे फळ त्या महापुरुषालाही भोगावे लागले. ज्यांनी कृषी शिकवली त्यांच्याच पदरी कृषीतील हिंसेचा हिशेब मांडणारी ही कथा आहे. कळप पाळून, जुंपून, वाढवून वनवृषभाचे रान माणसाने घेतले, तेव्हा कोणी हिशेब ठेवला नाही. मुसक्यांचा मात्र ठेवला गेला.

प्रतिष्ठाननगरीचे जैन परंपरेवर आणखी एक ऋण आहे आणि त्याचा बैलाशी संबंध अनपेक्षित रीतीने येतो. पर्युषणाची समाप्ती पूर्वी भाद्रपद शुद्ध पंचमीला होत असे. कालकाचार्य प्रतिष्ठानास आले असता सातवाहन राजाने विनंती केली की, पंचमीला नगरात इंद्रमहोत्सव असतो, तेव्हा पर्व षष्ठीला घ्यावे. पंचमी ओलांडता येणार नाही, असे आचार्यांनी सांगितले आणि एक दिवस अलीकडे, चतुर्थीला पर्व केले. श्वेतांबर मूर्तिपूजक संघ आजही चतुर्थीला संवत्सरी पाळतो, तो पैठणच्या या निर्णयामुळे.

श्रावण वद्य द्वादशीच्या सुमारास सुरू होणाऱ्या त्या आठ दिवसांच्या मध्यावर श्रावणी अमावास्या येते, आणि मराठवाड्यात हाच पोळ्याचा दिवस. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. जोखडाने सोलवटलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळले जाते. पोळ्याच्या दिवशी मानेवर जू नसते, शिंगांना बेगड असते आणि पुरणपोळीचा पहिला घास बैलाला. गावागावांत ही मिरवणूक निघते त्या सकाळी उपाश्रयात कल्पसूत्राचे वाचन चालू असते. दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, भगवान महावीरांचे जन्मवाचन होते. त्रिशलामातेची चौदा स्वप्ने एकेक करून वरून उतरवली जातात आणि प्रत्येक स्वप्नाची बोली लागते. पहिला येतो हत्ती. त्याच्यामागून, फुलांच्या हारात, उंच वशिंडाचा पांढराशुभ्र वृषभ. त्याच्या नाकात वेसण नसते आणि मानेवर जू नसते.